अग्निगोल विझला कुठे, दगड पडला कुठे: शोधाचा नेमका क्रम

मोठा अग्निगोल, म्हणजे डोळे दिपवणारी तेजस्वी उल्का, दिसला की पुढच्या दोन तासांत तेच तेच घडतं. "आमच्या टेकडीमागंच पडला" असं सांगणारी माणसं पाच तालुक्यांतून निघतात, एकच व्हिडिओ शंभर ग्रुपमधून फिरतो, आणि हौशी मंडळी त्याच रात्री गाडी काढतात. हाती लागतो तो बेसॉल्टचा गोटा, नाहीतर वीटभट्टीतली जळकी वीट. गडबड होते ती क्रमात. आधी कोन मोजायचे, मग नकाशा, मग वारा, आणि शेत सगळ्यात शेवटी. बहुतेक जण शेतापासून सुरुवात करतात.

## निघण्याआधी: तीन समज काढून टाका

पहिला समज असा की उजेड जमिनीपर्यंत आला. ज्या अग्निगोलातून दगड वाचतात, तोही साधारण २० ते ३० किलोमीटर उंचीवरच विझतो. तिथून पुढे दगड अंधारात, न जळता, काही मिनिटं खाली येत राहतो. डोंगरामागे ‘पडलेला’ गोल तुमच्यापासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर असू शकतो.

दुसरा समज: पडलेला दगड लालबुंद असतो. जमिनीवर पोहोचताना तो थंड किंवा फार तर कोमट असतो. ‘गंजी पेटली, गवत जळालं’ अशी बातमी आली तर आधी विजेची तार नाहीतर दिवाळीचा बाण आठवावा.

तिसरा समज सगळ्यात महागात पडतो: गोल जिथे विझला, त्याच्या बरोबर खाली दगड असणार. तो तिथे का नसतो, ते सातव्या टप्प्यात आकड्यांनिशी येईल.

## १. दिसल्यावर पहिली दहा मिनिटं

तुम्ही स्वतः पाहिला असेल तर जागचे हलू नका. पायाखाली खडूने, नाहीतर चपलेने खूण करा आणि फोनवर त्या जागेचं लोकेशन जतन करा. मग या क्रमाने नोंदवा:

1. वेळ, सेकंदासकट. फोनवरची वेळ घ्या, भिंतीवरच्या घड्याळाची नको.
2. गोल कुठे विझला. ‘पाण्याच्या टाकीच्या डाव्या कडेच्या वर, दोन बोटं’ असं लिहा.
3. कुठून आला. पहिल्यांदा दिसला ती जागा, तीही अशाच खुणेने.
4. उभ्या जागेवरून त्या दोन्ही खुणांचे फोटो, झूम न करता.
5. आवाजासाठी घड्याळ लावून ठेवा आणि किमान पाच मिनिटं थांबा.

आवाजाची वाट पाहणं लोक हमखास विसरतात. एक किलोमीटर यायला आवाजाला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे मार्ग अगदी डोक्यावरून गेला, तरी दणका सव्वा-दीड मिनिटाने येतो, आणि पन्नास किलोमीटर दूर असेल तर जवळपास तीन मिनिटांनी. उजेडानंतर पाचव्या सेकंदाला आलेला ‘धडाम’ बहुधा रोहित्राचा असतो. खरा दणका उशिरा आणि घुमत येतो, भांडी-पत्रे थरथरतात. तो आला असेल तर आशा वाढते, कारण वस्तू वातावरणात खोलवर शिरली होती.

इशारा: ‘किती दूर होता’ हे स्वतःच्या वहीतही लिहू नका. डोळ्याला ते अंतर कळत नाही आणि एकदा लिहिलेला आकडा मनातून जात नाही.

## २. तो अग्निगोलच होता का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भासह मोठ्या पट्ट्यात आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग दिसली आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं सापडलं. तो चिनी रॉकेटचा वातावरणात परतलेला टप्पा होता. त्या रात्री उल्कापात म्हणून किती पोस्ट फिरल्या, ते आठवत असेलच.

फरक वेगात आहे. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने, बहुतेकदा त्याहून बरीच जोरात, त्यामुळे सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. रॉकेटचा तुकडा किंवा उपग्रह सेकंदाला आठेक किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो. तो अर्धा मिनिट, मिनिटभरही दिसतो आणि त्याचे तुकडे एकामागोमाग शिस्तीत चालतात. लोकांनी फोन काढून, कॅमेरा सुरू करून निवांत चित्रण केलं असेल तर संशय घ्या. खऱ्या अग्निगोलाचे व्हिडिओ बहुतांशी सीसीटीव्ही आणि गाडीतल्या डॅशकॅमचेच असतात.

सिंह किंवा ययाती उल्कावर्षावातला गोल कितीही तेजस्वी असला तरी मागे लागू नका. तो धूमकेतूचा ठिसूळ माल असतो आणि फार वेगाने येतो, खाली काही उरत नाही.

## ३. साक्षीदार: प्रश्न विचारायची पद्धत

साक्षीदाराला फोनवर विचारू नका. तो जिथे उभा होता तिथे त्याला घेऊन जा, शक्यतो दोन-तीन दिवसांच्या आत आणि त्याच वेळेला. संवाद साधारण असा व्हायला हवा:

"भाऊ, त्या वेळी तुम्ही नेमके कुठं उभे होते?"
"इथंच, या बंड्याजवळ. बैलाला पाणी दाखवत होतो."
"तोंड कुणीकडं होतं?"
"गोठ्याकडं. उजेड पडला म्हणून वळलो."
"मग दिसला तेव्हा कुठं होता? बोटानं दाखवा. बोट तसंच धरून ठेवा."

बोट स्थिर झालं की त्यांच्या खांद्यामागे उभे राहा आणि बोटाच्या रेषेत दिगंश आणि उन्नतांश मोजा. दिगंश म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून फिरत मोजलेला कोन, उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची. दोन्ही फोनवरच्या होकायंत्र आणि उतारमापक अ‍ॅपवर मिळतात. अ‍ॅप नसेल तर हात लांब करून: करंगळी १ अंश, मूठ १० अंश, पूर्ण ताणलेली वीत सुमारे २० अंश.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत.

‘अर्ध्या आभाळावर होता’ हे वाक्य कधीच ४५ अंश म्हणून लिहू नका. बोट धरायला सांगितलं की तेच ‘अर्धं आभाळ’ २५ अंशांवर निघतं. क्षितिजाजवळची उंची प्रत्येक जण वाढवून सांगतो.

होकायंत्र मोटारसायकलजवळ, टिनाच्या शेडखाली किंवा विजेच्या खांबाशी धरू नका. दहा पावलं बाजूला होऊन पुन्हा वाचा. आकडा बदलला तर आधीचा खोडा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाच्या आतबाहेरच फरक आहे, त्यामुळे ती दुरुस्ती या टप्प्यावर सोडली तरी चालते. लोखंडामुळे येणारी चूक मात्र वीस अंशांचीही असते.

आणि उत्तर तोंडात घालू नका. "वायव्येकडं गेला ना?" असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. गावाकडच्या साध्या माणसापेक्षा ज्याने आधीच चार व्हिडिओ पाहिलेत, त्याची साक्ष जास्त बिघडलेली असते.

तपासा: सुरुवातीचा बिंदू प्रत्येकाचा वेगळा येईल, कारण प्रत्येकाची मान वेगवेगळ्या क्षणी वर गेली. त्याने घाबरू नका. विझण्याचा बिंदू आणि मार्गाचा कल जुळायला हवा.

## ४. कॅमेरे: घाई इथे करा

घाई करायची असेल तर ती सीसीटीव्हीसाठी. दुकानं, पेट्रोल पंप, सोसायट्या, टोलनाके इथलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मालकाला भेटा, कशासाठी हवं ते सांगा आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनवरून मोबाइलने काढलेलं चित्रण मोजायला निरुपयोगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून यायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि फ्रेम गळतात.

तिथेच उभे असताना आणखी एक काम करा. रेकॉर्डरच्या स्क्रीनवरचं घड्याळ आणि तुमच्या फोनचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. रेकॉर्डरचं घड्याळ चार-सहा मिनिटं पुढेमागे असणं नेहमीचंच. हा एक फोटो नसेल तर वेगवेगळ्या गावांतली चित्रणं एकमेकांना जोडता येत नाहीत.

पुढे कोन काढायचे. रात्रीच्या चित्रणात तारे किंवा चंद्र दिसत असतील तर स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते गाव, ती तारीख, ती वेळ टाका आणि तारे जुळवा. स्वस्त कॅमेऱ्यात तारे उमटत नाहीत. मग निरभ्र रात्री त्याच कॅमेऱ्याच्या शेजारी चांगला कॅमेरा धरून खांब, गच्चीची कड, मोबाइल टॉवर आणि तारे एकाच फोटोत घ्या. ताऱ्यांवरून खांबाचे कोन कळतात, खांबावरून अग्निगोलाचे. किमान सहा-सात खुणा चित्रभर पसरलेल्या हव्यात, कारण सीसीटीव्हीची रुंद भिंगं कडेला सरळ रेष वाकवतात.

आकाश दिसतच नसेल तरी चित्रण टाकून देऊ नका. रस्त्यावर खांबाची सावली सरकताना दिसली असेल, तर खांबाची उंची आणि सावलीची लांबी-दिशा मोजून गोलाची दिशा काढता येते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर झालेल्या स्फोटाचा मार्ग काढताना चौकातल्या अशा सावल्या वापरल्या गेल्या होत्या.

## ५. नकाशावर छेद

गूगल अर्थ किंवा क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडा. प्रत्येक ठिकाणाहून विझण्याच्या बिंदूच्या दिगंशाने रेषा ओढा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या जागेच्या वर कुठेतरी गोल विझला.

कल्पित उदाहरण घेऊ. अमरावतीहून विझण्याचा दिगंश ८२ अंश, नागपूरहून २५९ अंश. दोन्ही मोजमापं स्वच्छ, व्हिडिओवरून काढलेली. तरी फसगत होते, कारण या दोन रेषा जवळजवळ एकमेकींवरच पडतात. दोघं समोरासमोर बघत आहेत, मधल्या दीडशेएक किलोमीटरच्या पट्टीत गोल कुठेही असू शकतो. आता यवतमाळहून ९ अंशांचा दिगंश मिळाला. ही रेषा त्या दोन्हींना आडवी कापते आणि छेद आर्वीच्या आसपास येतो. नागपूर-अमरावतीचे आणखी दहा व्हिडिओ मिळाले असते तरी यवतमाळच्या या एका मोजमापाची सर त्यांना आली नसती. म्हणून साक्षीदार शोधताना संख्या मोजू नका, दिशा मोजा. रेषा किमान ३० अंशांत कापायला हव्यात.

आता उंची. छेदापर्यंतचं जमिनीवरचं अंतर गुणिले उन्नतांशाचा टॅन.

यवतमाळ: अंतर ६७ किमी, उन्नतांश १९.५ अंश. ६७ × ०.३५४ = २३.७ किमी. पृथ्वीच्या गोलाईचे ०.३५ किमी मिळवा, सुमारे २४.१.

अमरावती: अंतर ५० किमी, उन्नतांश २५.५ अंश. ५० × ०.४७७ = २३.९, गोलाईचे ०.२ मिळवून सुमारे २४.१.

दोन्ही जुळले. गोलाईची भर काढायची तर अंतराचा वर्ग भागिले १२,७४२. आता समजा नागपूरच्या कोणीतरी उन्नतांश ३० अंश सांगितला. ९१ × ०.५७७ म्हणजे ५२ किमीच्या वर. हा अंदाज डोळ्यांनी केलेला आहे हे लगेच कळतं. त्याला वगळा, सरासरीत घेऊ नका. चुकीच्या आणि बरोबर आकड्यांची सरासरी काढणं ही या कामातली सगळ्यात लोकप्रिय चूक आहे.

तपासा: ६७ किलोमीटरवर दिगंशातली एक अंशाची चूक म्हणजे जमिनीवर १.२ किलोमीटर. तुमच्या छेदाभोवती तेवढं वर्तुळ आत्ताच काढा. पुढे उत्साहात ते आक्रसून टाकू नका.

मार्गावरच्या इतर बिंदूंसाठीही हेच करा, म्हणजे मार्गाची दिशा आणि उतार मिळतो. गणिताची आवड असलेल्यांनी प्रत्येक ठिकाणाहून मार्गाचं प्रतल काढून प्रतलांचा छेद घ्यावा. त्यात सुरुवातीचे बिंदू न जुळण्याचा त्रास उरत नाही.

## ६. खाली काही आलं असेल का?

शेतात जाण्याआधी इथे थांबायचं. ढोबळ कसोटी अशी: विझण्याची उंची ३५ किलोमीटरच्या खाली आणि विझतानाचा वेग सेकंदाला १० किलोमीटरपेक्षा कमी. शेवटच्या सेकंदाचा वेग एखाद्या चांगल्या व्हिडिओवरून काढा, पण फ्रेमचा दर खरा किती तो आधी पाहा. अनेक सीसीटीव्ही अंधारात २५ वरून १२-१५ वर उतरतात आणि वेग दुप्पट येतो.

उंची ५०-६० किलोमीटर आली तर नोंद इंटरनॅशनल मिटियॉर ऑर्गनायझेशनच्या अर्जात भरा आणि घरी बसा. त्यात कमीपणा नाही. बहुतेक अग्निगोल याच जातीचे असतात.

## ७. अंधारातला प्रवास आणि वारा

सगळ्यात जास्त शोध इथे चुकतात, म्हणून थोडं सविस्तर.

विझल्यावरही दगडाला सेकंदाला दोन-तीन किलोमीटरचा वेग असतो. तो पुढे जातो, हवा त्याला अडवते. ४५ अंशांच्या उताराने २४ किलोमीटरवर विझला असेल, तर ढोबळ मानाने १० ग्रॅमचा तुकडा आणखी ३ किलोमीटर पुढे जाऊन थबकतो, १०० ग्रॅमचा ५, एक किलोचा ८. मोठा दगड पुढे, बारीक मागे. त्यानंतर दगड जवळपास सरळ खाली येऊ लागतो आणि वाऱ्याच्या हवाली होतो.

१०० ग्रॅमचा दगड जमिनीजवळ सेकंदाला साधारण ५० मीटरने पडतो. वर हवा विरळ असल्याने दर ३ किलोमीटर उंचीला हा वेग सुमारे १.२ पट धरा. मग प्रत्येक थरात तो किती सेकंद राहिला ते निघतं, आणि सेकंद गुणिले त्या थरातला वारा म्हणजे त्या थरातलं सरकणं. हा दगड साधारण १८ किलोमीटरवर थबकला आणि जानेवारीतल्या एखाद्या रात्री पश्चिमेचा वारा असा होता समजा:

- १५–१८ किमी: २० सेकंद × १८ मी/से = ३६० मी
- १२–१५ किमी: २४ × ३२ = ७६८ मी
- ९–१२ किमी: ३० × ३५ = १,०५० मी
- ६–९ किमी: ३६ × २२ = ७९२ मी
- ३–६ किमी: ४४ × १२ = ५२८ मी
- ०–३ किमी: ५४ × ४ = २१६ मी

एकूण साडेतीन मिनिटं आणि ३.७ किलोमीटर पूर्वेकडे. वजन दहा पट वाढलं तर सरकणं सुमारे दीडपटीने कमी होतं, दहा पट घटलं तर तेवढंच वाढतं. म्हणजे एक किलोचा तुकडा अडीचेक किलोमीटर, १० ग्रॅमचा साडेपाच.

गोल उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता असं धरा. किलोचा दगड आर्वीच्या त्या बिंदूपासून ८ किमी दक्षिणेला आणि अडीच पूर्वेला. १०० ग्रॅमचा ५ दक्षिणेला, ३.७ पूर्वेला. १० ग्रॅमचा ३ दक्षिणेला, साडेपाच पूर्वेला. हे तीन बिंदू जोडा: तुकड्यांची रांग मार्गाच्या रेषेवर नाही, तिरकी आहे, आणि विझलेल्या बिंदूच्या खाली काहीच नाही.

वाऱ्याचे आकडे हवामान खात्याच्या फुग्यांचे घ्या. नागपूर, मुंबई, पणजी इथून फुगे सोडले जातात आणि त्यांची आकडेवारी वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते. वेळ ०० आणि १२ यूटीसी, म्हणजे आपले पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. घटनेच्या सर्वांत जवळचा फुगा घ्या.

इशारे, तिन्ही महत्त्वाचे:

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती. २७० लिहिलं असेल तर दगड पूर्वेला सरकतो. हे उलटं धरलं की शोध सात-आठ किलोमीटर भलतीकडे जातो.

एकक पाहा. नॉट असतील तर ०.५१४ ने गुणून मीटर करा.

जमिनीवरचा वारा सगळ्या थरांना लावू नका. हिवाळ्यात वर जोरदार पश्चिमी वारे असतात. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा आणि चौदा-सोळा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा जोरदार वारा असतो. गावात झाडाचं पानही हलत नव्हतं, याला इथे काही अर्थ नाही.

## ८. पट्टा आखणे

आता या तिरक्या रांगेभोवती तुमची चूक मिळवा: पाचव्या टप्प्यातलं ते वर्तुळ. वरच्या उदाहरणात सुमारे ६ किमी लांब आणि २ किमी रुंद पट्टा होतो, म्हणजे १२ चौरस किलोमीटर. चार मीटरच्या अंतराने चालायचं तर एका चौरस किलोमीटरला २५० किलोमीटर पायपीट. बाराला ३,०००. हे होणारं काम नाही.

म्हणून पट्टा लांबीने चालू नका, आडवा कापा. १०० ग्रॅमच्या बिंदूवरून, रांगेला काटकोनात, अडीच किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद अशी एक पट्टी घ्या. ही सव्वाशे किलोमीटरची चाल आहे, दहा जणांना प्रत्येकी साडेबारा. एका दिवसात होते. रांग कुठे आहे हे आधी कळू द्या, मग तिच्या लांबीने जा. किलोचा दगड शोधायला थेट टोकाला धावणाऱ्यांना बहुधा काहीच मिळत नाही, कारण तसा दगड एखादाच असतो, किंवा नसतोच.

## ९. शेतात उतरताना

चालण्याआधी विचारपूस. चहाच्या टपरीवर, गुराख्यांना, मेंढपाळांना एकच विचारा: त्या वेळी भिरभिरल्यासारखा आवाज आणि मग ‘थप्प’ ऐकू आलं का? हा आवाज फार दूर जात नाही. ज्याने ऐकला तो दगडापासून फार लांब नव्हता. सिमेंटचा पत्रा फुटलाय का, गच्चीवर अनोळखी दगड आलाय का, हेही विचारा. काटोलला २२ मे २०१२ च्या दुपारी जो अशनीपात झाला (अशनी म्हणजे आकाशातून जमिनीपर्यंत पोहोचलेला दगड), त्यातले तुकडे वस्तीत आणि आसपास लोकांनाच सापडले होते.

मालकाची परवानगी प्रत्येक शेतात वेगळी घ्या. वनजमीन असेल तर वनखात्याची. विदर्भात काही पट्ट्यांत वाघ असतो, तिथे ‘जरा आत जाऊन पाहू’ चालत नाही.

कुठल्या शेताला आधी हात घालायचा? सोयाबीन निघालेलं रान उत्तम, हरभरा लहान असेल तर चालेल. पऱ्हाटी उभी असलेल्या कपाशीत वेळ घालवू नका, ती निघेपर्यंत थांबा. पण नांगरटीच्या आत पोहोचा, ढेकळांखाली गेलेला दगड मग मिळत नाही. रस्ते, खळी, कोरडे तलाव, क्रिकेटची मैदानं, गच्च्या हे आधी उरका. काळ्या कापसाच्या जमिनीवर काळा दगड दिसायला कठीण, म्हणून तिथे अंतर चारऐवजी दोन मीटर ठेवा आणि भर दुपारी चालू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या मदत करतात.

प्रत्येकाने फोनवर चालीचा मार्ग नोंदवत राहायचं. कोणती जमीन पाहून झाली, हे संध्याकाळी नकाशावर दिसलं पाहिजे. आठवणीवर भिस्त ठेवलेल्या गटांनी एकच बांध तीनदा चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

## १०. सापडलेला दगड कोणता?

महाराष्ट्राची पंचाईत अशी की बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असल्याने बेसॉल्टही चुंबकाला थोडा ओढतो. ‘चुंबक चिकटला म्हणजे अशनी’ ही कसोटी इथे बाद. उलट बाजूनेही ती फसते: गुजरातेत दियोदरला १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेला अशनी ऑब्राइट जातीचा होता, त्यात लोह अगदीच कमी. शिवाय जोरदार चुंबक लावला की दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते आणि ती परत येत नाही. चुंबक घरी ठेवा.

डोळ्यांनी हे पाहा:

साल. ताज्या सामान्य अशनीवर मिलिमीटरहूनही पातळ, मंद काळी साल असते. कुठे टवका उडाला असेल तर आतला भाग फिकट राखाडी दिसतो. बाहेर काळा, आत राखाडी आणि मधली सीमा सुरीने कापल्यासारखी, ही जोडी सर्वांत भरवशाची. काटोलचा दगड याच गटातला, म्हणजे सामान्य कोंड्राइट या सर्वाधिक आढळणाऱ्या दगडी अशनींपैकी. बेसॉल्ट आतबाहेर सारखाच गडद असतो, त्याची वरची पुटं तपकिरी आणि मळकट.

कडा. वितळून गोलसर झालेल्या, कधी ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे.

भोकं. बुडबुड्यांची भोकं दिसली तर बाजूला ठेवा. तो सच्छिद्र बेसॉल्ट, भट्टीची मळी (धातू वितळवताना उरणारा टाकाऊ भाग) किंवा जळकी वीट. जालना-चंद्रपूरकडे पोलादाची मळी वर्षानुवर्षं रस्त्यांत भरली गेली आहे, ती जड, काळी आणि चुंबकाला घट्ट चिकटणारी असते. पांढरे स्फटिक भरलेली भोकं असतील तर ते झिओलाइट खनिज, तो दगड छान आहे, पण आकाशातून आलेला नाही.

खड्डा शोधत बसू नका. अर्ध्या किलोचा दगड टणक रानात जेमतेम बोटभर रुततो, किंवा आपटून फुटतो.

## ११. सापडल्यावर

उचलण्याआधी: जवळून फोटो, शेजारी पट्टी किंवा नाणं. दहा पावलं मागे येऊन फोटो. उत्तर कुठे ते दाखवणारा फोटो. लोकेशन आणि वेळ.

मग हात न लावता स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कोऱ्या फॉइलने धरा, त्यातच गुंडाळा, वर झिपची पिशवी, पिशवीवर क्रमांक. धुऊ नका, फोडू नका, टोकरू नका. पावसाळा तोंडावर असेल तर वेळ दवडू नका. राजस्थानात मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ रोजी पडलेल्या कार्बनयुक्त अशनीसारखा मऊ दगड एका जोरदार सरीतही खराब होतो.

गावकऱ्यांनी आधीच दगड देवळीत नेऊन हळदकुंकू वाहिलं असेल तर वाद घालू नका. फोटो घ्या, नेमका कुठे पडला होता ती जागा दाखवायला सांगा, आणि पुढे काही वाहू नये एवढी विनंती करा. किमतीचा विषय काढू नका. लाखांचा आकडा उच्चारला गेला की संध्याकाळपर्यंत त्या दगडाचे हातोड्याने दहा तुकडे होतात.

पहिला तुकडा मिळाला की त्याचं वजन आणि जागा सातव्या टप्प्याच्या तक्त्यात टाका. ८० ग्रॅमचा तुकडा तुमच्या अंदाजापेक्षा ९०० मीटर उत्तरेला निघाला, तर सगळी रांग तेवढी उचलून सरकवा आणि दुसरी आडवी पट्टी तिथून आखा.

देशात पडलेल्या अशनींची राखण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. मध्य विभागाचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. तिथे कळवा आणि तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यात लेखी नोंद द्या. हे त्याच दिवशी व्हायला हवं, कारण अवकाशात असताना दगडात तयार झालेली काही किरणोत्सारी मूलद्रव्यं झपाट्याने संपतात. सोडियम-२४ पंधरा तासांत निम्मं होतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी ही मोजणी होते, पण दगड आठवडाभर कोणाच्या कपाटात राहिला तर मोजायला फारसं उरत नाही. दगडासोबत मूळ व्हिडिओ फाइल, घड्याळांचे फोटो, कोनांची वही आणि चालीचे नकाशे यांची प्रत द्या, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.